मनाच्या वतीने कोण बोलतं?

पूल असताना रूळ ओलांडून आलेल्या माणसाला कारण विचारलं तर तो लगेच देतो. उशीर झाला होता, गाडी लांब दिसत होती, सगळेच इथून येतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर ठाकुर्लीपासून कुर्ल्यापर्यंत कुठेही विचारा, उत्तरं साधारण हीच. त्यात खोटं काही नाही. पण मानसशास्त्रातला एक मोठा प्रवाह सव्वाशे वर्षं सांगत आला आहे, की माणूस देतो ते कारण आणि त्याला हलवणारं कारण यांची गाठ पडेलच असं नाही. खरं कारण त्याच्या नजरेआड असतं. कुणी ते दडपलेल्या इच्छेत शोधलं, कुणी बालपणात, कुणी मेंदूच्या सवयींत, कुणी जातीत, कुणी गर्दीत.

या सगळ्या सिद्धान्तांत एक अडचण समान आहे. कारण माणसाला स्वतःला दिसत नसेल, तर ते दुसऱ्या कुणाला तरी दिसतं असं मानावं लागतं. तो दुसरा कधी भगत असतो, कधी डॉक्टर, कधी संशोधक, कधी कादंबरीकार. म्हणून अबोध मन आहे की नाही एवढंच विचारून भागत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला, आणि तो बोलतोय ते तपासायचं कसं, हेही विचारावं लागतं. महाराष्ट्रात या प्रश्नाची जी उत्तरं दिली गेली, त्यांचा हा आढावा.

सटवाईचा लेख

माणसाला न कळणारी शक्ती त्याचं आयुष्य ठरवते, ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. बाळाच्या जन्मानंतर सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, हे घरोघरी माहीत होतं. इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये ‘मॅन’ या इंग्रजी मानववंशशास्त्रीय नियतकालिकात एक मराठी लोककथा प्रसिद्ध केली, ती याच सटवाईच्या मुलीची. माझ्या कपाळी काय, असं मुलगी आईला विचारते. तुझं लग्न तुझ्याच मुलाशी होईल, असं उत्तर मिळतं. पुरुषाचं तोंडच बघायचं नाही असं ठरवून मुलगी जंगलात जाऊन राहते. तरी तिला गर्भ राहतो. जन्मलेलं मूल ती आपल्या वस्त्रात गुंडाळून सोडून देते आणि ते दुसऱ्यांच्या घरी वाढतं. पुढे तिचं लग्न होतं, आणि जपून ठेवलेलं ते वस्त्र एक दिवस तिच्या हाती लागतं.

नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीकांच्या इडिपसचीच ही गोष्ट, पण आईच्या बाजूने सांगितलेली. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने इडिपसच्या कथेवर मुलाच्या मनाचा सिद्धान्त उभा केला: आईची ओढ, बापाशी स्पर्धा, आणि त्यातून येणारी अपराधी भावना. मराठी कथेत बाप जवळजवळ नाहीच, खूनही नाही. इडिपस डोळे फोडून घेतो. सटवाईच्या मुलीला सत्य कळतं, ती ते पोटात ठेवते आणि संसार करत राहते. ए. के. रामानुजन यांनी याच धाटणीची एक कन्नड कथा नोंदवली, तिच्यात मात्र आई जीव देते. भारतीय इडिपसवरच्या आपल्या निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. आपल्या पुराणकथांत मुलगा बापाला क्वचितच मारतो. उलट बापच मुलाचं तारुण्य किंवा आयुष्य मागून घेतो. ययाती आणि पुरू, शंतनू आणि भीष्म ही ओळखीची उदाहरणं. खांडेकरांची ‘ययाति’ वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे मनाचा सार्वत्रिक नियम म्हणून जे मांडलं गेलं, ते निदान काही अंशी एका संस्कृतीचं आणि एका बाजूने सांगितलेलं होतं. गोष्ट कोण सांगतं यावर तिचा अर्थ बदलला.

वाफेचं मन

ही हरकत फ्रॉइडच्या हयातीतच त्याच्यापर्यंत पोहोचली होती, आणि तीही भारतातून. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये दमनाच्या संकल्पनेवरचा प्रबंध फ्रॉइडला पाठवला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांचा पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. आपल्या रुग्णांत मला लिंगच्छेदाच्या भीतीपेक्षा स्त्री होण्याची इच्छा अधिक ठळक दिसते, असं बोस यांनी कळवलं. प्रत्येक इच्छेला तिची उलटी इच्छा जोडलेली असते आणि मनाचा संघर्ष या जोडीतून होतो, हा त्यांचा सिद्धान्त होता. फ्रॉइडने सौजन्याने उत्तरं दिली, पण आपली मांडणी बदलली नाही.

ही मांडणी कुठून आली, हे समजून घ्यायला ठाकुर्लीत एक खूण आहे. १९२९ च्या सुमारास रेल्वेने इथे चोळ्याचं वीजकेंद्र उभारलं. कोळसा जळायचा, बॉयलरमध्ये वाफ दाबली जायची आणि तिच्या बळावर लोकल धावायच्या. फ्रॉइडने कल्पिलेलं मन असंच चालतं. तळाशी वासनांची आग, वर नीतिनियमांचं झाकण, आणि वाट न मिळालेली वाफ स्वप्नातून, बोलण्यातल्या चुकीतून, आजाराच्या लक्षणातून बाहेर पडते. हा योगायोग नव्हता. फ्रॉइड व्हिएन्नात अर्न्स्ट ब्र्युकेच्या शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत घडला. तिथे सजीवालाही ऊर्जेच्या भौतिक नियमांनी समजून घ्यायची शिकवण होती. एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राने मनाला आपला साचा दिला.

चोळ्याचं वीजकेंद्र बंद पडून आता बरीच वर्षं झाली, आणि मनाचा तो साचाही बहुतेक मानसशास्त्रज्ञांनी सोडून दिला आहे. राग कोंडला की साठतो आणि बाहेर काढला की निवळतो, ही त्यातूनच आलेली लोकप्रिय समजूत प्रयोगांत टिकली नाही. उशीवर ठोसे मारून राग कमी होण्याऐवजी अनेकदा टिकून राहतो. फ्रॉइडवरचा मोठा आक्षेप तर्काचा होता. रुग्णाने अर्थ मान्य केला तर सिद्धान्त खरा, नाकारला तर तो ‘प्रतिरोध’, म्हणून पुन्हा सिद्धान्त खरा. कोणत्याच उत्तराने खोटी ठरू न शकणारी मांडणी विज्ञान म्हणवू शकत नाही, असं कार्ल पॉपर यांनी म्हटलं. पॉपरचा हा युक्तिवाद ॲडॉल्फ ग्र्युनबाउम यांनी १९८४ मध्ये अमान्य केला. फ्रॉइडचे दावे तपासता येतात, पण कोचावर पडलेल्या रुग्णाचं बोलणं हा त्यासाठी पुरेसा पुरावा नाही, कारण त्यात डॉक्टरची सूचना मिसळलेली असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

तरी काही शिल्लक राहिलं. बालपणीच्या नात्यांचे ठसे मोठेपणीच्या नात्यांत उमटतात, हा विचार जॉन बोल्बी यांच्या जिव्हाळ्याच्या सिद्धान्तातून निरीक्षणाच्या वाटेने पुढे गेला. मनोविश्लेषणातून निघालेल्या छोट्या मुदतीच्या उपचारांचा गुण इतर बोलण्याच्या उपचारांच्या आसपास येतो, असंही अनेक चाचण्यांत दिसलं. उपचार चालतो, पण तो ज्या कारणाने चालतो असं सांगितलं जातं ते कारण सिद्ध होत नाही. या विषयात असं पुन:पुन्हा घडलं आहे.

सगळ्यात निसरडी जागा आली ती माणूस समोर नसताना. एरिक एरिक्सन यांनी १९६९ मध्ये गांधींच्या मनाचा शोध घेणारं पुस्तक लिहिलं. आशिष नंदी यांनी गांधीहत्येवरच्या निबंधात नथुराम गोडसेच्या बालपणाकडे वळून पाहिलं. आधीचे मुलगे जगले नाहीत म्हणून नथ घालून मुलीसारखा वाढवलेला मुलगा आणि पुढचं आक्रमक पौरुष यांचा धागा त्यांनी जोडला. वाचताना पटावं असंच हे आहे. पण नवसाची म्हणून नथ घातलेली मुलं महाराष्ट्रात कितीतरी होती, आणि त्यांतल्या बाकी कुणी पिस्तूल उचललं नाही. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा अर्थ लावणाऱ्याला आपला हात स्वतःच आखडता घ्यावा लागतो.

मराठी साहित्याने हा धोका ओळखून वेगळी वाट घेतली. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ मध्ये पात्राचं मन बाहेरून समजावून सांगण्याऐवजी संज्ञाप्रवाहाला वाट दिली. गंगाधर गाडगीळांच्या नवकथेने साध्या नोकरदार माणसाच्या क्षुद्र, अर्धवट कळलेल्या हेतूंना कथेचा विषय केलं. वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ने १९५७ मध्ये मनाचा आजार थेट रंगमंचावर आणला. डोंबिवलीच्या शं. ना. नवऱ्यांनी मध्यमवर्गीय घरातलं न बोललेलं फार मोठा आवाज न करता लिहिलं. या लेखकांवर सिद्धान्त सिद्ध करण्याची जबाबदारी नव्हती, त्यामुळे त्यांची पात्रं आजाराचं नाव न लागता मोकळी राहिली.

अंगात आल्यावर बोलतं कोण?

फ्रॉइडच्या आधी, १८८९ मध्ये, फ्रान्सच्या पिअर जाने यांनी वेगळं चित्र मांडलं होतं. आघातामुळे मनाचा एखादा भाग मुख्य जाणिवेपासून तुटतो आणि स्वतंत्रपणे वागू लागतो. महाराष्ट्रात ज्याला अंगात येणं म्हणतात, त्याला आजचे मनोविकारतज्ज्ञ बहुधा याच चौकटीत बघतात.

मानववंशशास्त्रज्ञांनी मात्र त्यात आणखी काही पाहिलं. जॉन स्टॅन्ली यांनी महाराष्ट्रातल्या निरीक्षणांवरून दाखवलं, की देव अंगात येणं आणि भूत लागणं यांत लोक स्वतःच काटेकोर फरक करतात. पहिलं मानाचं, दुसरं पीडेचं. विएडा स्कल्टन्स यांनी १९८७ मध्ये एका महानुभाव मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी माणसाला घेऊन घरची मंडळी तिथे राहतात, आणि अंगात येतं ते बऱ्याचदा त्याच्याबरोबर आलेल्या बाईच्या. घरातलं दुखणं तिने आपल्यावर घ्यायचं, अशी त्यामागची समजूत. एरवी ज्या सुनेला सासरी मोठ्याने बोलता येत नाही, ती त्या अवस्थेत बोलते आणि घर ऐकतं. पण त्याची किंमत तिच्याच शरीराने चुकवायची असते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नाची दुसरी बाजू लावून धरली. बाईच्या तोंडून देवी बोलते असं मानलं, की तिचं दुःख तिचं राहत नाही. भूत उतरवायचं म्हणून मारहाण होते आणि उपचार लांबतात. २०१३ मध्ये दाभोलकरांच्या हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत काढण्याच्या नावाखाली होणारा छळ गुन्हा ठरवला. स्कल्टन्स आणि दाभोलकर एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण दोघांच्याही कामातून एकच मागणी निघते: त्या बाईला तिच्या नावाने बोलता आलं पाहिजे. निदान बदललं आणि घर तेच राहिलं, तर मांत्रिकाच्या जागी डॉक्टर आला एवढाच फरक पडतो.

ठाण्याची विवेकी वाट

ठाण्यात मनोरुग्णालय आहे १९०१ पासून. तिथल्या भिंतींच्या धाकामुळे मनाच्या दुखण्यांचा उच्चार घराघरांत दबक्या आवाजातच होत राहिला. ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या मध्यमवर्गाला मनाबद्दल उघड बोलायची सवय लागली ती वेगळ्या दिशेने. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ आणि तिच्या शिबिरांतून, व्याख्यानांतून पसरलेली विवेकनिष्ठ मानसोपचाराची भाषा यांचा त्यात मोठा वाटा आहे.

या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस मूळचे मनोविश्लेषक. रुग्ण वर्षानुवर्षं बालपण उकरतात आणि तरी हलत नाहीत, या अनुभवाने त्यांनी ती वाट सोडली आणि १९५५ मध्ये आपली पद्धत मांडली. कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार करत ती भारतात रुजवली. तिचा गाभा सोपा आहे. घटना आपल्याला थेट दुखवत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये एक समजूत असते. मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत, लोकांनी मला मान दिलाच पाहिजे. तो ‘च’ सहसा लक्षात येत नाही, पण विचारल्यावर सापडतो, आणि सापडला की त्याच्याशी वाद घालता येतो.

इथे अबोध फार खोल नाही. ते जाणिवेच्या उंबरठ्याशी आहे आणि माणूस स्वतः तिथवर जाऊ शकतो. डॉक्टर प्रश्न विचारतो, उत्तर रुग्णाचं. आपल्याकडे या पद्धतीला जागा मिळाली त्याचं एक कारण मला हे वाटतं, की आगरकरांपासून चालत आलेल्या विवेकाच्या परंपरेत ती सहज बसली. र. धों. कर्व्यांनीही १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना वाचकांना लैंगिक शंका स्वतःच्या शब्दांत विचारू दिल्या. अशा प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. फ्रॉइडने जे दडपलेलं म्हटलं, ते कर्व्यांच्या मते बरंचसं फक्त न विचारलेलं होतं.

मर्यादाही दिसते. ज्याच्या हातात फार थोडं आहे, त्याला तुझी समजूत बदल असं सांगणं सोपं असतं. सहा माणसं वन-बीएचकेत राहतात, कंत्राटी नोकरी आहे आणि सकाळच्या लोकलमध्ये जागा दारातच मिळते, तेव्हा चिडचिडीचं मूळ सगळं समजुतीत नसतं.

प्रयोगशाळेतून रुळांवर

या वादांपासून दूर प्रयोगशाळेत अबोध मनाचा भक्कम पुरावा जमला, पण तो वेगळ्याच मनाचा. स्वित्झर्लंडचे एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका प्रसंगाची नोंद केली. नव्या आठवणी टिकत नसलेल्या एका बाईशी हस्तांदोलन करताना त्यांनी हातात टाचणी लपवली. पुढे ती त्यांना ओळखत नव्हती, टाचणीही आठवत नव्हती, पण हात पुढे करायला तयार होईना. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी लोकांपुढे हुबेहूब सारख्या मोज्यांच्या चार जोड्या ठेवल्या. सर्वांत जास्त लोकांनी उजवीकडची शेवटची निवडली आणि कारण दिलं ते विणीचं, पोताचं. जागेमुळे निवडली असं कुणीही आपणहून सांगितलं नाही. जॉन किलस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये अशा मनाचं वर्णन केलं, त्यात दडपलेली वासना नव्हती. सवयीने, झपाट्याने, जाणिवेला न विचारता चालणारी कामं होती.

यातही उत्साहाच्या भरात अति झालं. म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचलेले विद्यार्थी हळू चालू लागतात, हा जॉन बार्ग यांचा १९९६ चा गाजलेला निष्कर्ष २०१२ च्या काटेकोर पुनर्प्रयोगात आला नाही. असे अनेक निष्कर्ष पुढे डळमळले. पण फ्रॉइडच्या बाबतीत शंभर वर्षं रेंगाळलेली तपासणी इथे दशका-दोन दशकांत झाली, हे या शाखेच्या पदरात टाकलं पाहिजे.

रूळ ओलांडण्याचा प्रश्न याच विचाराने हाताळला गेला. कोविडची वर्षं सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. २००९-१० मध्ये ‘फायनल माइल’ या मुंबईच्या संस्थेने वडाळ्याला रेल्वेबरोबर एक प्रयोग केला. मोठी वस्तू प्रत्यक्षाहून हळू येत असल्यासारखी डोळ्याला वाटते, म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी त्यांच्यावरून येताना वेगाचा अंदाज यावा, हा हेतू. नुसत्या इशाऱ्याच्या पाटीऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची दहशत दाखवणारी छायाचित्रं लावली. एका लांबलचक भोंग्याऐवजी मध्ये खंड ठेवून दोन आखूड भोंगे वाजवायला सांगितले. तिथले मृत्यू बरेच घटल्याचं सांगितलं गेलं. एका ठिकाणच्या प्रयोगावरून नियम काढता येत नाही, पण हा दावा मृतांच्या आकड्यांवर तपासता येतो.

या पद्धतीने माणसाला काहीच विचारलं नाही. तिने त्याच्या डोळ्याला आणि कानाला मदत केली. जीव वाचत असेल तर यात वावगं काही नाही. पण पूल लांब का, जिना अरुंद का, हे विचारलं गेलं नाही तर रंगाचे डबे स्वस्त पडतात म्हणून तेवढंच होत राहील. ठाकुर्लीच्या फाटकाचा प्रश्न अखेर उड्डाणपुलाने सुटला, रंगाने नव्हे.

आडनाव आणि जमाव

वैयक्तिक मनाबाहेरच्या दोन जागा उरतात. पहिली जात. जात ही मनाची एक अवस्था आहे, असं आंबेडकरांनी १९३६ मध्ये, लाहोरला न झालेल्या भाषणात लिहिलं. अवस्था म्हणजे वैयक्तिक खोट नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केलं. लोक धर्मावर श्रद्धा ठेवून जात पाळतात, म्हणून हल्ला त्या श्रद्धेच्या मुळावर व्हायला हवा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांच्या उत्तर प्रदेशातल्या प्रयोगात कोडी सोडवणाऱ्या मुलांची जात वर्गात जाहीर केली, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. जात जाहीर केली नाही, तिथे याच जातींची मुलं बरोबरीने सोडवत होती.

अर्ज बाजूला ठेवणारा जाणूनबुजून ठेवतो की नकळत, हे या आकड्यांवरून कळत नाही. मला वाटतं, ते कळायची वाट पाहायचीही गरज नाही. नकळत झालं असं म्हणणं हल्ली फार सोयीचं झालं आहे. अबोध पूर्वग्रहाच्या कार्यशाळा होतात, आणि भरतीची यादी तशीच राहते. नाव झाकून अर्ज वाचा, हा उपाय मनात काय आहे याची चौकशी न करताही लागू पडतो.

दुसरी जागा जमाव. गर्दीत माणसाचं व्यक्तित्व विरघळतं आणि आदिम अबोध जागं होतं, असं गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये लिहिलं आणि फ्रॉइडने १९२१ मध्ये ते आपल्या पद्धतीने पुढे नेलं. २ जानेवारी २०१५ ला ठाकुर्लीजवळच्या बिघाडाने लोकल अडकल्या आणि दिवा स्थानकात प्रवाशांचा उद्रेक झाला. दगडफेक, जाळपोळ झाली, वाहतूक तासन्‌तास ठप्प होती. असल्या दिवशी ‘माथेफिरू जमाव’ हा शब्द हाताशीच असतो. ब्रिटनच्या स्टीफन रायकर यांनी १९८० च्या ब्रिस्टलमधल्या दंगलीचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांना जमावात मर्यादा आणि दिशा दिसली. लोक काय फोडायचं आणि कुठे थांबायचं हे आपल्या समान ओळखीवरून ठरवत होते. दिव्याच्या हिंसेचं समर्थन होऊ शकत नाही. पण तिला अबोधाचा उद्रेक म्हटलं, की रोज दारात लोंबकळणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकायची गरजच उरत नाही. पुढे २०१६ मध्ये दिव्याला जलद लोकल थांबू लागल्या. म्हणजे त्या गर्दीला सांगण्यासारखं काही होतं.

काय हाती लागतं

एवढं निश्चित म्हणता येतं: आपल्या वागण्याचा मोठा भाग जाणिवेच्या परवानगीशिवाय चालतो, आणि त्याची आपण देतो ती कारणं पुष्कळदा मागून रचलेली असतात. हे अबोध वासनांचं तळघर आहे, याला पुरावा कमी. ते सवय, समजूत, जुनी नाती आणि आसपासची व्यवस्था यांनी घडतं, याला पुरावा बराच. म्हणून स्वभाव बदलायचा तर सगळं खोल खणून काढावं लागत नाही. आडनाव झाकणं, समजुतीतला ‘च’ शोधणं, सुनेला अंगात न येताही बोलता येईल असं घर करणं, या गोष्टी वरच्यावर आहेत, आणि तरी कठीण आहेत.

सिद्धान्त निवडण्यासाठी दोन प्रश्न पुरतात. तो चुकीचा ठरला तर ते कळेल का? आणि त्याच्यामुळे त्या माणसाला स्वतःबद्दल बोलायला अधिक जागा मिळते, की त्याचं बोलणंच बाद होतं? दोन्ही कसोट्यांना उतरतील असे सिद्धान्त थोडे निघतील. रूळ ओलांडणाऱ्याच्या बाबतीतही मी हेच म्हणेन: त्याच्या डोळ्यांची फसगत ओळखा, स्लीपर रंगवा, पण उशीर झाला होता हे त्याचं म्हणणंही नोंदवून घ्या. गाडी किती मिनिटं उशिरा होती आणि जिना किती लांब होता, हे त्याच उत्तरातून शोधायला घेता येतं.